आमच्याकडे असंच पितात

१२ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघा परवानगी देत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच मान लववतो. उरलेली सात अंगं लवली आहेत असं धरून आशीर्वाद पूर्ण द्यावा, अंगांच्या प्रमाणात कापून नव्हे.

पत्रास कारण की, मानवजातीच्या इतिहासात प्रथमच एका बालवर्गाने पाणी पिण्याच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली आहे आणि तिच्यात प्रतिवादी मी आहे. हसू नकोस. चिठ्ठीवर शाळेचा गोल शिक्का आहे, आणि शिक्का मारलेल्या मूर्खपणाला मी नेहमीच मान देत आलो आहे.

तक्रारीचा मजकूर असा: माझी नात, म्हणजे आमच्या मुकादम, पाणी पिण्याआधी डाव्या हाताने उजवं मनगट धरतात, बाटली बाकावर दोनदा ठोकतात आणि मगच तोंडाला लावतात. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मुकादमांनी ही रीत साऱ्या वर्गाला लावली. आता मधल्या सुट्टीत तो वर्ग बालवर्ग वाटत नाही, पत्रे ठोकणाऱ्यांची गल्ली वाटते. बाईंनी तिला नीट पाणी पी म्हणून सांगितलं, तर तिने बाईंनाच विचारलं की तुम्ही असं कसं पिता, तुम्हाला घरी कोणी शिकवलं नाही का.

तुला ठाऊकच आहे, तिचे आईबाप दोघे मिळून डोंगराला भोक पाडायच्या कामावर गेले आणि जाताना ही पाच वर्षांची मुकादम माझ्यावर नेमून गेले. सगळे जण सगळं नियमाने करताहेत की नाही हे पाहणं एवढंच तिचं काम, आणि ते ती बिनपगारी, बिनसुट्टीचं करते. चप्पल आधी डावी काढायची, दिव्याचं बटण कोपराने दाबायचं नाही, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर थांबायचं. हे कायदे कोणत्या संसदेत झाले ते विचारायची सोय नाही. असंच करायचं असतं, हे उत्तर मिळतं, आणि तेही असल्या तुच्छतेने की माझी स्वतःची तुच्छता मला हौशी वाटायला लागते.

बालवर्गाच्या बाईंनी नुकताच बालमानसाचा कसलासा अभ्यासक्रम पुरा केला आहे, बहुधा पोस्टाने. त्यांनी मला भेटायला बोलावून त्या बुटक्या खुर्च्यांपैकी एकीवर बसवलं. साठीला टेकलेल्या माणसाचे गुडघे कानाला लावून त्याला व्याख्यान देणं हा शिक्षणशास्त्राचा नवा विजय असावा. बाईंचं म्हणणं असं की या वयात मुलं सांगितलेलं शिकत नाहीत, केलेलं शिकतात. मोठा माणूस एखादं काम करताना चार गोष्टी करतो, त्यातल्या दोन कामाच्या असतात आणि दोन उगीच. मूल चारही उचलतं, कारण उगीच असं काही असतं हे अजून त्याच्या डोक्यात शिरलेलं नसतं. माकड म्हणे एवढा गाढवपणा करत नाही. ते फक्त कामाचं उचलतं. मी म्हटलं, मग आपण माकडांचा वर्ग का घेत नाही? बाई हसल्या नाहीत. अभ्यासक्रमात नसावं.

मग त्यांनी विचारलं की घरी कोणी असं पाणी पितं का. मी सांगितलं, आमच्या घरात मी आणि पाण्याचा फिल्टर एवढेच वडीलधारे आहोत आणि दोघंही आवाज करत नाही.

बाकी क्षेम. मुकादमांना उजव्या बाजूला खिसा नसलेला फ्रॉक चालेनासा झाला आहे, त्यामुळे शिंप्याने सगळ्या फ्रॉकना खिसे लावले. दवाखान्यात रूट कॅनालचं काम मी भागीदाराच्या गळ्यात टाकलं आहे. तरुण आहे, त्याला अजून दाढेच्या आत काहीतरी सापडेल अशी आशा वाटते. मला त्याचा कंटाळा आला. मी पुढच्या खोलीत बसतो, लोकांच्या तोंडात डोकावतो आणि काय करायला हवं ते सांगतो. तीस वर्षं माणसाच्या तोंडात बघितल्यावर माणसाच्या बोलण्याबद्दल आदर राहत नाही.

लोभ आहेच. तो पत्रागणिक थोडा वाढवत जावा. दर मात्र माझा स्वभाव पाहून ठरवू नये.

तुझा,
पंडित


२० जून

चि. पंडितास,

आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

पत्र मिळालं. वाचलं असं मात्र म्हणवत नाही. अरे, हे काय अक्षर? ओळीच्या सुरुवातीला मुंगी आणि ओळ संपताना मुंगीचं अंडं. वसतिगृहातली एक मुलगी जुनी तिकिटं जमवते, तिच्याकडून भिंग मागून आणलं. रेक्टरबाई भिंगातून काय वाचतात याची आता इथे सबंध मजल्यावर चर्चा आहे. पाटीवर तुझा हात धरून मी अक्षर गिरवून घेतलंय. तुझा ‘अ’ भोपळ्याएवढा असायचा. पाटीत दोन मावत नसत. एवढा काटकसरी कधी झालास?

बाईंची टवाळी केलीस, तुझं पोट भरलं असेल. माझं मात्र त्या बाईंशी जमेल असं वाटतं. तुला एक आठवण करून देते. आपले वडील वर्तमानपत्र उघडण्याआधी दोनदा खाकरायचे आणि चष्मा वर सरकवायचे. शाळेत पहिल्यांदा धडा वाचायला मास्तरांनी तुला उभं केलं. तू दोनदा खाकरलास, नसलेला चष्मा वर सरकवलास आणि मग वाचायला लागलास. मास्तरांना वाटलं तू त्यांची नक्कल करतोयस, कानाखाली बसली. घरी येऊन तू तासभर रडलास, आणि तेही मार बसला म्हणून नव्हे. बाकीची मुलं न खाकरता वाचतात आणि मास्तर त्यांना काहीच म्हणत नाहीत, हा तुझा खरा संताप होता. न खाकरता वाचता येतंच कसं, असं तू मला विचारलंस. मला उत्तर देता आलं नाही, कारण मीही तेव्हा मनातल्या मनात खाकरूनच वाचत होते.

तेव्हा पंडित, पाच वर्षांचं पोर हवेतून काही उचलत नाही. घरात तू आहेस आणि फिल्टर आहे. फिल्टरला मनगट नाही. खिशात हात घालून फिरणारा फिल्टर मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं. रूट कॅनालचा तुला कंटाळा आला? हे वसतिगृह गळ्यात पडण्याआधी, माझ्या निवृत्तीच्या समारंभाला तू एका दाढेसाठी आला नाहीस. जगात एवढं एकच स्वच्छ काम उरलंय, दाढेच्या टोकापर्यंत जाऊन हात न हलवता परत येणं, असं तू मला तेव्हा लिहिलं होतंस. दिवाणखान्यातल्या सोफ्याचा कंटाळा येतो माणसाला. असल्या गोष्टीचा येत नाही.

फोनवर तू हं-हं करून सुटतोस म्हणून मी पत्राचा हट्ट धरते. आता कागदावर सांग. उजव्या हाताला काय झालंय? एका ओळीत. संस्कृत नको.

पोरीला माझा पापा. तुला नाही.

ताई


२ जुलै

ती. ताईस,

दुरून वाकून नमस्कार. जवळून केला असता तर तू हात तपासायला घेतला असतास.

अक्षराबद्दल: पेन नवीन आहे, निब बारीक आहे, आणि कागद महाग होत चालला आहे. यातलं आवडेल ते कारण घ्यावं.

मुकादमांचा अंमल आता घराबाहेर पसरला आहे. दातांचं सामान विकणारा एजंट परवा घरी आला. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात पाठ केलेली वाक्यं. त्याला पाणी दिलं. तो प्यायला निघाला तोच मुकादम समोर येऊन उभ्या राहिल्या आणि आधी मनगट धरा म्हणाल्या. आणि गंमत अशी की त्या माणसाने धरलं! ठोकलंही दोनदा. वर माझ्याकडे बघून विचारलं की हा दातांच्या आरोग्याचा नवा प्रकार आहे का, तो इतर डॉक्टरांना सांगेल. हे तुझं सुशिक्षित जग. कोणी ठामपणे सांगितलं की ते काहीही करायला तयार आहे. फक्त सांगणाऱ्याने हसता कामा नये.

मी त्या मुलीला का दोष देऊ? मोठी माणसं दुसरं काय करतात? माझ्या खुर्चीत बसून अर्धा तास यातना भोगलेला माणूस, अर्धा जबडा बधिर असताना, लाळ गळत असताना मला थँक्यू म्हणतो. कशाबद्दल? लिफ्टमध्ये शिरलेली माणसं सगळी दाराकडे तोंड करून उभी राहतात, जणू दार काही बोलणार आहे. प्रेतयात्रेला काळा चष्मा, मुलाखतीला घट्ट बूट, आणि कोणी कसं काय विचारलं की मरायला टेकलेल्यानेही मजेत म्हणायचं. या सगळ्याची तक्रार कोणी शिक्का मारून करत नाही. पाच वर्षांच्या मुलीने बाटली ठोकली की शाळेला तज्ज्ञ आठवतो.

हो, तज्ज्ञ. बाईंनी तिच्या आईबापांना परस्पर लिहिलं आहे आणि या महिन्यात आम्हाला एका बालवर्तनतज्ज्ञाकडे जायचं आहे. मुलांना बरं करायची पदवी असते हे मला माहीत होतं. मुलांनी बाटली कशी धरावी याची निराळी असते हे नवीन कळलं.

एक गोष्ट मात्र लिहिण्यासारखी झाली. मुकादम मैत्रिणीकडे खेळायला गेल्या होत्या. परत आल्या त्या पांढऱ्याफटक. त्या घरात सगळे नुसतंच पाणी पितात! मैत्रिणीचे आजोबासुद्धा. मनगट नाही, ठोकणं नाही, सरळ पेला उचलतात. ती माणसं वाईट आहेत का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, चांगली असावीत, दोन दाढा मीच भरल्या आहेत. जेवताना ती गप्प होती. दुसऱ्या दिवशीही गप्प. मग शाळेला जाताना बुटाचा बंद बांधून घेता घेता तिने निकाल दिला: त्यांच्याकडे तसं, आपल्याकडे असं. दोन्ही चालतं.

ताई, एवढं एक वाक्य कळायला मोठमोठ्या राज्यांना लढाया कराव्या लागल्या, आणि झाल्यावरही कळलं नाही. हिला दीड दिवस पुरला. पण त्यानंतर ती माझ्याकडे जरा जास्तच बघते. मी चहा घेतो तेव्हा हनुवटी टेबलावर टेकवून बसते आणि टक लावून बघते. विचारलं तर काही नाही म्हणते.

लोभ असावा, आणि प्रश्न कमी असावेत.

तुझा,
पंडित


८ जुलै

ती. आत्यास,

नमस्कार. बोगद्यावरून लिहिते आहे. इथे फोन लागला तर लागतो, आणि लागला की नेमका भोंगा होतो.

शाळेकडून आम्हाला पत्र आलंय. आमच्या लेकीत म्हणे एकाच कृतीचा अनावश्यक आग्रह दिसतो, ती तो इतर मुलांवर लादते, समजावलं तर ऐकत नाही. खाली बरीच नावं दिली आहेत, काय-काय असू शकतं त्याची. ती नावं मी वाचायला नको होती. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले शाळा मूर्ख आहे. आत्या, बाबांना सगळ्याच शाळा मूर्ख वाटतात, त्यामुळे त्यावरून मला काही ठरवता येत नाही.

तज्ज्ञांनी काही आहे असं सांगितलं तर आम्ही तिला इकडे घेऊन येणार. इथे शाळा नाही. पत्र्याची खोली आहे, सुरुंग लागला की कपबशा वाजतात, आणि आम्ही दोघं दिवसभर आत असतो. पण निदान डोळ्यांसमोर राहील. हा म्हणतो तिला बाबांकडे ठेवलं हीच चूक झाली. मी त्याच्याशी भांडले, आणि मग मलाही तसंच वाटायला लागलं.

तुम्ही बाबांना मुळापासून ओळखता. त्यांच्या पत्रात काही आहे का? तिला खरंच काही झालंय का? तुम्ही गुळमुळीत बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारते.

तुमची,
भाची


१२ जुलै

पंडित,

आशीर्वाद नंतर बघू.

सोबत तुझ्या लेकीचं पत्र जोडलं आहे. वाच. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू द्यायचंस.

तू मला लिफ्ट, टाय, प्रेतयात्रा आणि मोठमोठी राज्यं असं सगळं लिहिलंस. मी विचारलं होतं ते सोडून. मी तुझी जुनी पत्रं काढली. मागच्या वर्षीपर्यंत अक्षर धड होतं. मग दर पत्राला लहान होत गेलं. पेन एवढी बदलतात का रे? आणि तू सांगितलंस की तुझा चहा ती टक लावून बघते. कोणी चहा पिताना टक लावून बघण्यासारखं त्यात काय असतं?

मला सगळं कळलेलं नाही, पण एवढं कळतंय. हात तुझा आहे आणि तपासायला पोरीला नेताहेत. तिच्या नावापुढे ते काहीतरी लिहितील आणि तो कागद तिच्या मागे शाळा-शाळांतून फिरेल. तिला तुझ्यापासून उचलून त्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवतील. आणि तू पुढच्या खोलीत बसून मानवजातीला नावं ठेवत बसशील. इतर लोक ठामपणे सांगितलं की काहीही करतात म्हणतोस. तुला तर कोणी काही सांगितलंही नाही, तरी तू मजेत असल्यासारखं करतोयस.

घरी कोणी असं पीत नाही असं बाईंना सांगितल्याचं तू मोठ्या ऐटीत लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. तिथे पोर नव्हती ना शेजारी उभी?

जाण्याआधी खरं सांग. नाहीतर मी बॅग भरते, आणि मी आले की काय होतं ते तुला माहीत आहे.

ताई


२६ जुलै

ती. ताईस,

नमस्कार.

अक्षर या वेळी मोठं दिसेल. मुकादमांनी त्यांच्या दुरेघी वहीचं पान दिलं आहे. अक्षराचं डोकं वरच्या रेघेला लागलंच पाहिजे असा हुकूम आहे आणि ती शेजारी बसून तपासते आहे. चालतंय. रेघ दिसली की हात ऐकतो, का ते मला ठाऊक नाही. वाचता तिला येत नाही, हे एक बरं आहे.

तज्ज्ञांकडे जाऊन आलो. जाण्याआधी खरं सांग असं तू म्हटलं होतंस, तरी मी आधी कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं ठरवून निघालो होतो, रिक्षात वाक्यही जुळवलं होतं. पण ती खोलीच अशी होती की कोणाचाही अपमान व्हावा. भिंतीवर हसणारे प्राणी, कोपऱ्यात रबराचे ठोकळे, आणि टेबलापलीकडे एक गृहस्थ, जे प्रत्येक वाक्य हळू बोलत होते, जणू ऐकणारा नुकताच शुद्धीवर आला आहे. शाळेच्या बाईही आल्या होत्या, वही घेऊन. मला वाटलं, या लोकांपुढे? यांना मी सांगू? तेव्हा मी उजवा हात खिशात घातला आणि बसलो.

त्यांनी मुकादमांना पाणी दिलं. तिने मनगट धरलं, दोनदा ठोकलं, प्यायली. असं का करतेस विचारल्यावर म्हणाली, आमच्याकडे असंच पितात. आमच्याकडे म्हणजे कोणाकोणाकडे, त्यांनी विचारलं. तिने पेला टेबलावर नीट मधोमध ठेवला. त्यांनी काही लिहून घेतलं. मग माझ्यापुढेही एक पेला ठेवला आणि आजोबांनीही घ्यावं म्हणाले. साधंच म्हणाले. त्यांना ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मी पेल्याकडे बघत राहिलो. आणि तेवढ्यात मुकादम म्हणाल्या की आजोबांना तहान नाही. ते आत्ताच घरून पिऊन आले.

ताई, आम्ही घरून काही पिऊन आलो नव्हतो. ती ते इतकं सहज म्हणाली! चेहरा तोच, आवाज तोच. रुग्णाच्या नातेवाइकांना मी ज्या आवाजात सगळं ठीक आहे सांगतो, तो आवाज होता.

मी हात खिशातून काढला. डाव्या हाताने मनगट धरलं, पेला दोनदा ठोकला. हात सुटायला वेळ लागला, हल्ली लागतो. झोपेतून उठवल्यासारखं त्याला दोनदा सांगावं लागतं, मग तो निघतो. निघाला, आणि वाटेत नाचायला लागला. निम्मं पाणी शर्टावर गेलं. बाईंनी वही मिटली. तज्ज्ञांनी आपला रुमाल दिला; त्याबद्दल त्यांची मी आजवर केलेली सगळी टवाळी परत घेतो, रबराचे ठोकळे वगळून. मुलीला काहीही झालेलं नाही, ती उत्तम शिकते आहे, फक्त शिकवणारा कोण ते आम्हाला आधी कळायला हवं होतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मलाही.

बाहेर पायरीवर बसून मी तिला विचारलं की तहान नाही असं का सांगितलंस. ती आधी बुटाकडे बघत राहिली. मग सांगितलं. पहिल्यांदा तिला खरंच वाटलं होतं की पाणी असंच पितात, सगळं जग असंच पितं आणि वर्गातल्या मुलांना कोणी शिकवलेलं नाही. मग मैत्रिणीचे आजोबा दिसले. तेव्हा तिला वाटलं की ही आपल्या घरची रीत असेल. मग ती माझा चहा बघत बसली. आणि तिच्या लक्षात आलं की हात जागा असतो तेव्हा आजोबा नुसतंच पितात; तो झोपलेला असतो तेव्हाच ठोकतात. म्हणजे ही रीत नाहीच. हात खिशात का असतो तेही तिने बघितलं होतं. तो आत नाचतो.

मग तू का ठोकत राहिलीस, मी विचारलं. ती म्हणाली, शाळेत आजी-आजोबांना बोलावतात. पाणी देतात. सगळ्यांनीच तसं केलं तर तुमचं कोणाला कळणार नाही.

तुला आठवतं, मी लिहिलं होतं की तिने दीड दिवसात निकाल दिला? तो अर्धाच होता. पुढचा अर्धा तिने मला सांगितला नव्हता.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग भयंकर रागावली, मग तिकडे भोंगा झाला. पुढच्या आठवड्यात दोघं येताहेत. पोरीला नेणार नाहीत, पण मला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं ते त्यांनी ठरवून टाकलं आहे. भागीदारालाही सांगितलं. तो म्हणाला, हो सर. एवढंच. मग लक्षात आलं की माझ्या कपाला केव्हापासून तरी झाकण आहे. माझ्या ट्रेमधली टोकदार हत्यारंही केव्हाची नाहीशी झाली आहेत, आणि अवघड दाढा माझ्यापर्यंत येण्याआधीच वाटेत वळतात. मी रूट कॅनाल त्याच्या गळ्यात टाकले असं समजत होतो. तो ते हळूच काढून घेत होता. सारा दवाखाना महिनोन्‌महिने ओळखून होता आणि कोणीही एक अक्षर काढलं नाही. बालवर्गात निदान आवाज तरी होत होता.

आता तुझ्या एका ओळीचं उत्तर. हात बिघडला आहे, बरा होईल असं मला वाटत नाही, आणि मला भीती वाटते. दुसरी ओळ मी न विचारता देतो. दवाखान्याचं एकवेळ जमेल. पुढच्या खोलीत बसायला हात लागत नाही, तोंड लागतं, आणि ते शाबूत आहे. मला काळजी वेगळीच आहे. पूर्वी मी कप उचलला की पोर हनुवटी टेबलावर टेकवून टक लावून बघायची. मला राग यायचा. आता ती बघत नाही. मी पेल्याला हात घातला की ती मान वळवते आणि खिडकीबाहेर बघते, माझं पिऊन होईपर्यंत. मी आज उठून जाऊन पाहिलं. खिडकीबाहेर काहीही नव्हतं, समोरची भिंत होती.

हे तिला मी शिकवलं नाही असं मला म्हणता येत नाही. ते कसं काढायचं मला कळत नाही.

बॅग भर आणि ये. लोभ वगैरे आल्यावर बोलू.

पंडित